एडीएचडी असलेल्या मुलासाठी उद्दिष्टं कशी लिहायची : पहिली ते चौथीच्या वर्गशिक्षकांसाठी

मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात एक मुलगा आला. जूनच्या शेवटी त्याच्या आईने डॉक्टरांचा अहवाल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बाई, डॉक्टर म्हणालेत, शाळेने याच्यासाठी उद्दिष्टं ठरवायला हवीत." मी हो म्हटलं. त्या रात्री वही उघडून लिहिलं: 'वर्गात लक्ष देईल. जागेवर बसेल. काम वेळेत पूर्ण करेल.' दिवाळीची सुट्टी लागली तरी यातलं एकही झालं नव्हतं. का झालं नाही हेही मला सांगता येईना, कारण त्या तिन्ही वाक्यांत मी स्वतः काय करणार याचा एक शब्दही नव्हता.

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता किंवा दोन्ही. अशा मुलाला काय करायचं ते बहुतेक वेळा ठाऊक असतं. वर्गाचे नियम विचारा, घडाघडा म्हणून दाखवेल. अडतं ते नेमकं करायच्या क्षणी. त्यामुळे मदतही त्याच क्षणी, त्याच जागी पोहोचावी लागते. परिपाठानंतर दिलेली समज दुपारी गणिताच्या तासाला त्याच्या कामाला येत नाही. यातूनच उद्दिष्ट लिहिण्याची माझी पद्धत ठरली: वाक्याचा पहिला अर्धा भाग शिक्षकाच्या कामाचा आणि दुसरा मुलाच्या कामाचा. पहिला अर्धा नसेल तर ते उद्दिष्ट नव्हे, नुसती अपेक्षा आहे.

आधी एवढं जवळ ठेवा

कागदपत्रं:
- डॉक्टरांचा किंवा मानसशास्त्रज्ञांचा अहवाल, असेल तर
- डोळे आणि कान तपासल्याचा कागद
- मागच्या वर्षीचं प्रगतिपत्रक आणि आधीच्या वर्गशिक्षकांच्या नोंदी
- मुलाच्या वह्यांची तीन-चार पानं: एक शुद्धलेखनाचं, एक गणिताचं, एक फळ्यावरून उतरवलेलं
- पालकांची लेखी संमती

साहित्य: स्वयंपाकघरातला टायमर किंवा वाळूचं घड्याळ, मूठभर चिंचोके, दोन वाट्या, पुठ्ठा, कात्री, पाटी. सगळं मिळून शंभर-दोनशे रुपयांच्या आत येतं आणि निम्मं घरातच सापडतं.

१. नाव देण्याआधी बघा

निदान करणं शिक्षकाचं काम नाही. 'मला वाटतं याला एडीएचडी आहे' हे वाक्य पालकांपुढे कधीही बोलू नका. आपण जे पाहिलं ते सांगायचं: किती वेळा उठला, कुठल्या तासाला, किती उदाहरणं राहिली. डॉक्टरांनाही आपल्याकडून हेच हवं असतं. एडीएचडी म्हणायला लक्षणं किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. फक्त शाळेत किंवा फक्त घरी दिसणाऱ्या त्रासाचं कारण बहुधा दुसरंच असतं. म्हणून आपली नोंद हा त्या निदानाचा अर्धा पुरावा असतो.

काही गोष्टी आधी तपासून घ्यायला सांगा. चष्म्याची गरज असलेलं मूल फळ्यावरून अर्धवट उतरवतं. कानात मळ किंवा सतत सर्दी असलेल्या मुलाला सूचना नीट ऐकूच येत नाहीत. रात्री घोरणारं, झोप मोडणारं मूल सकाळी सैरभैर असतं. आणि एखादं मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद एकदम गोठत असेल, हाक मारली, हात लावला तरी भानावर येत नसेल, तर ते स्वप्नाळूपण समजून सोडू नका. आकडीचा एक प्रकार असाच दिसतो. अशा मुलाला आधी बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं.

शांत मुलांकडेही बघा. एडीएचडी म्हटलं की बाकावरून उड्या मारणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. पण काही मुलं जागची हलत नाहीत, त्रास देत नाहीत, फक्त त्यांचं मन तिथे नसतं. यात मुली बऱ्याच असतात, आणि कुणाची तक्रार नसते म्हणून चौथीपर्यंत त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

खासगी तपासणी परवडत नसेल तर पालकांना जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि तपासायच्या विकारांच्या यादीत एडीएचडीही आहे. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला मुलाची नोंद दाखवली तर तेही पुढे पाठवतात.

२. पालकांशी पहिलं बोलणं

ते शाळा सुटल्यावर फाटकाशी उभं राहून करू नका. पंधरा मिनिटं बसून बोला. सुरुवात मुलाला काय छान जमतं तिथून करा, आणि ते खरं असू द्या. माझ्या त्या मुलाला प्रत्येक झाडाचं नाव माहीत होतं आणि वर्गात कुणी रडत असलं की सगळ्यात आधी तोच तिथे पोहोचायचा. एवढं ऐकल्यावर आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि मग आम्हाला कामाचं बोलता आलं.

वडील बरेचदा म्हणतात, "मीपण लहानपणी असाच होतो." ते बोलणं टाळण्यासाठी म्हणतात असं समजू नका. एडीएचडी घराण्यात चालत येतो, तेव्हा ते खरंच असेल. त्यांना विचारा, "मग तुम्हाला तेव्हा कशाने मदत झाली असती?" मला या प्रश्नाची फार चांगली उत्तरं मिळाली आहेत. आजी म्हणेल, लाडाने बिघडलाय. आजीशी वाद घालू नका. तिला पुढच्या कार्डात काम द्या, ते खाली येईलच.

औषधाबद्दल मत देऊ नका, घ्या म्हणूनही नको आणि घेऊ नका म्हणूनही नको. तो निर्णय डॉक्टरांचा आणि पालकांचा. पण औषध सुरू असेल तर वेळ विचारून ठेवा. डबा तसाच परत जातोय का, दुपारी चिडचिड वाढते का, याची नोंद पालकांना द्या. काही औषधांनी भूक मंदावते, आणि डबा शाळेत खाल्ला जातो, त्यामुळे ते आधी आपल्यालाच दिसतं.

३. पाच दिवस फक्त मोजा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. मूल आज नेमकं कुठे आहे हे माहीत नसेल तर महिन्याने ते पुढे गेलं की नाही हे कसं कळणार? मग आपण आठवणीवर जातो, आणि आठवणीत वाईट दिवसच राहतात.

एका वेळी एकच गोष्ट मोजायची. दिवसातल्या दोन ठरलेल्या वेळा धरा, मी परिपाठानंतरचा पहिला तास आणि मधल्या सुट्टीनंतरचा तास धरते. ४२ मुलांच्या वर्गात वही-पेन घेऊन एका मुलाच्या मागे उभं राहणं शक्य नसतं, आणि ते त्याच्या लक्षात येतं ते वेगळंच. म्हणून मी टेबलावर दोन वाट्या ठेवते. तो जागेवरून उठला की डावीकडच्या वाटीतला एक चिंचोका उजवीकडे. शिकवणं थांबत नाही, कुणाला काही कळत नाही. तास संपला की उजव्या वाटीतले चिंचोके मोजून हजेरीवहीच्या मागच्या पानावर आकडा टाकायचा.

काम सुरू करायला किती वेळ लागतो हे मोजायचं असेल तर 'सोडवा' म्हटल्यापासून पेन्सिल कागदाला टेकेपर्यंतची मिनिटं मोजा. त्या मुलाची पाच दिवसांची मिनिटं अशी आली: ७, ४, ९, ६, ७. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, म्हणजे ७. सरासरीपेक्षा हे बरं, एखादा फार वाईट किंवा फार चांगला दिवस आकडा बिघडवत नाही.

आणि त्याच वेळी शेजारच्या दोन साध्यासुध्या मुलांचंही मोजा. हुशार मुलांचं नको. माझ्या वर्गात ती मुलं १ ते २ मिनिटांत सुरू करत होती. म्हणजे कुठे पोहोचायचं ते कळलं. उलट जागेवरून उठण्याचं मोजलं तेव्हा शेजारची मुलंही तासात तीन-चार वेळा उठत होती, आणि मी मात्र याच्याकडून एकदाही न उठण्याची अपेक्षा करत होते.

४. मुलाला विचारा

आठ वर्षांच्या मुलाला आपली अडचण आपल्यापेक्षा चांगली सांगता येते, फक्त विचारायला हवं, आणि एकट्याला विचारायला हवं. मी त्याला कुंड्यांना पाणी घालायला बरोबर नेलं आणि विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही पहिलं बोलता ते मला ऐकू येतं. मग दुसरं बोलता तेव्हा मी पहिलं धरून ठेवत असतो, म्हणून दुसरं पडतं."

माझ्या सूचना कशा होत्या ते त्या संध्याकाळी मी आठवून पाहिलं. 'गणिताची वही काढा, समास आखा, तारीख घाला, पान चौतीसवरचं तिसरं घ्या, आणि झालेल्यांनी पाढे लिहा.' पाच कामं एका दमात. दुसऱ्या दिवसापासून मी एका वेळी एकच सांगायला लागले. त्याचा फायदा त्याच्यासकट निम्म्या वर्गाला झाला.

त्याला हेही विचारा की यातलं आधी काय सोपं व्हावं असं तुला वाटतं. त्याने निवडलेली एक तरी गोष्ट उद्दिष्टांत असू द्या.

५. दोन निवडा, फार तर तीन

पंधरा उद्दिष्टांचा तक्ता तपासणीच्या फायलीत शोभतो, वर्गात पाळता येत नाही. निवडताना मी बघते की कुठल्या अडचणीमुळे त्याचं शिकणं सगळ्यात जास्त बुडतंय. पाय हलवणं, पेन्सिल फिरवणं, उभं राहून लिहिणं यामुळे शिकणं बुडत नाही. बऱ्याच मुलांना हालचालीतच लक्ष सापडतं. ते बंद करण्यात त्याची आणि तुमची ताकद घालवू नका. मागच्या भिंतीला लागून उभं राहून लिहायची एक जागा द्या आणि तो विषय तिथे सोडा.

वाचन कच्चं असेल तर आधी वेगळी तपासणी करा. मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात, शेजारी बसून त्याच्याकडून चार ओळी वाचून घ्या. शांततेत बऱ्यापैकी वाचत असेल तर अडचण लक्षाची आहे. शांततेतही अक्षरं उलटीपालटी होत असतील, जोडाक्षरं गळत असतील, तर वाचनाचीही स्वतंत्र अडचण असू शकते. दोन्ही एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. मग वाचनाचं उद्दिष्ट वेगळं लिहावं लागतं आणि अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी पाठवावं लागतं. पहिली-दुसरीत वाचन अजून घडतच असतं, तिथे घाईने शिक्का मारू नका.

६. वाक्य लिहा

वाक्यात पाच गोष्टी हव्यात: कुठे आणि कधी, मी काय करीन, तो काय करेल, किती वेळा, आणि कुठल्या तारखेपर्यंत.

माझं पहिलं वाक्य होतं 'काम वेळेत पूर्ण करेल'. पाच दिवस मोजल्यावर ते असं झालं:

'गणिताच्या तासाला कागद देताना मी त्याच्या बाकाशी थांबेन, पहिलं उदाहरण बोटाने दाखवीन आणि काय करायचं ते त्याच्याकडून एकदा म्हणवून घेईन. मग तो ४ मिनिटांच्या आत लिहायला लागेल. आठवड्यातल्या ५ पैकी ४ दिवशी, डिसेंबरअखेरपर्यंत.'

७ मिनिटांवरून एकदम २ वर उडी घेतलेली नाही. आधी ४, ते जमलं की ३, मग २. पाचपैकी पाच दिवसही मागितलेले नाहीत. आपलं तरी पाचही दिवस सगळं कुठे जमतं? आणि 'लक्ष देईल'ऐवजी 'लिहायला लागेल' आहे, कारण लक्ष डोळ्यांना दिसत नाही, पेन्सिल दिसते. खिडकीबाहेर बघत असलेलं मूल ऐकत असू शकतं आणि फळ्याकडे टक लावलेलं मूल गावाला गेलेलं असू शकतं.

दुसरं उदाहरण गृहपाठाचं, त्यावर जरा थांबते, कारण घरोघरी रोजचं भांडण यावरूनच होतं. शाळा सुटायला पाच मिनिटं असतात. आपण फळ्यावर गृहपाठ लिहितो. बाहेर रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतात, पुढच्या बाकावरची मुलं दप्तर भरत असतात. आता फळ्यावरून उतरवणं म्हणजे काय ते बघा: वर बघायचं, तीन शब्द डोक्यात धरायचे, मान खाली घालायची, वहीत आपण कुठे होतो ते शोधायचं, लिहायचं, परत वर बघायचं, आणि फळ्यावर आपण कुठे होतो ते पुन्हा शोधायचं. धरून ठेवणं हीच ज्याची अडचण आहे त्याला आपण दिवसाच्या सगळ्यात गोंधळाच्या वेळी सगळ्यात जास्त धरून ठेवायला लावतो. घरी डायरीत सापडतं 'पान ३ व', आणि पुढे काहीच नाही. मग आई गटावर विचारते, कुणीतरी फोटो टाकतं, आणि मुलाला सगळ्यांदेखत आळशी ठरवलं जातं.

म्हणून हे वाक्य असं लिहिलं: 'शाळा सुटायच्या १५ मिनिटं आधी मी गृहपाठाची छापील किंवा हाताने लिहिलेली चिठ्ठी त्याला देईन. तो ती डायरीत चिकटवेल, त्यातली वह्या-पुस्तकं दप्तरात भरेल आणि दप्तर उघडून मला दाखवेल. ५ पैकी ४ दिवशी, डिसेंबरअखेरपर्यंत.' उतरवणं मी वाक्यातून काढूनच टाकलं. गृहपाठ घरी पोहोचणं हा हेतू होता, सुवाच्य उतरवणं हा हेतू शुद्धलेखनाच्या तासाला बघता येतो. चिठ्ठी दिल्याने मूल परावलंबी होईल, असं एका सहकारी बाईंना वाटलं होतं. मला तसा अनुभव नाही. चष्मा दिल्याने डोळे परावलंबी होत नाहीत, आणि इथे तर पुढे चिठ्ठी हळूहळू काढताही येते.

तिसरं, मध्येच उत्तर ओरडण्याचं. 'हात वर करून थांबेल' असं लिहिलं की हमखास फसतं, कारण उत्तर तोंडात धरून थांबणं फार अवघड. त्याऐवजी: 'तोंडी प्रश्नांच्या वेळी मी सगळ्या वर्गाला पाट्या काढायला सांगेन. तो उत्तर पाटीवर लिहून वर धरेल. तासात ओरडून दिलेली उत्तरं ३ किंवा कमी, डिसेंबरअखेरपर्यंत.' यात थांबायची जागा लिहिण्याने घेतली. सगळ्या वर्गाच्या हातात पाटी असल्याने तो वेगळाही दिसत नाही.

लिहून झालं की प्रत्येक वाक्य एकदा असं तपासा: माझ्या रजेवर वर्गावर आलेल्या दुसऱ्या बाई हे वाचून तसंच करू शकतील का? नसतील, तर वाक्य अजून धूसर आहे.

७. रोजचं कार्ड

उद्दिष्टं फायलीत ठेवली की मरतात. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तीन ओळी आणि दिवसाचे तीन भाग करा: मधल्या सुट्टीआधी, सुट्टीनंतर, शेवटचा तास. जमलं तर बरोबरची खूण. नाही जमलं तर रकाना कोरा ठेवा, फुली नको. लाल फुल्यांनी भरलेलं कार्ड मूल घरी नेत नाही, ते वाटेत हरवतं.

खूण त्याच वेळी करायची, शाळा सुटताना आठवून नव्हे. त्याला ती दिसू द्या, आणि एका वाक्यात कशाची ते सांगा: "आज तीन मिनिटांत सुरू केलंस." 'शाब्बास' एवढंच म्हटलं तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही.

कार्ड रोज घरी जातं आणि ठरल्याइतक्या खुणा असतील तर त्याच संध्याकाळी घरी काहीतरी मिळतं. शनिवारी नव्हे. या मुलांना शनिवार फार लांब असतो. पैसे लागणारी बक्षिसं नकोत. वडिलांबरोबर कॅरमचा एक डाव, सायकलची एक जादा फेरी, रात्रीची गोष्ट कुठली ते त्याने ठरवायचं. गोष्ट सांगायचं काम आजीला द्या. लाडाने बिघडलाय म्हणणारी आजी दोन आठवड्यांत दारात उभी राहून कार्ड मागायला लागते, हे मी पाहिलं आहे.

पहिल्या आठवड्यात पाचपैकी चार दिवस तो जिंकेल असंच गणित बसवा. पहिल्याच दिवसापासून हरत गेला तर त्याच्यासाठी कार्ड ही आणखी एक शिक्षा होते. आणि दोन-तीन आठवड्यांनी बक्षीस जुनं होतं, कार्ड निरुपयोगी झालं असं तेव्हा वाटतं. कार्ड ठेवा, बक्षीस बदला.

मिळालेली खूण परत काढून घेऊ नका. सकाळी नीट सुरू केलं असेल आणि दुपारी भांडण झालं असेल, तरी सकाळचं त्याने कमावलेलं आहे.

आणि मधली सुट्टी किंवा खेळाचा तास कधीही कापू नका. सुरुवातीला मी ते केलं होतं. अपुरं काम पूर्ण करायला त्याला वर्गात बसवून ठेवलं. काम तर झालं नाहीच, पण सुट्टीनंतरचा तासही हातचा गेला. पुढे मोजून पाहिलं तेव्हा दिसलं की मैदानावर धावून आल्यानंतरची वीसेक मिनिटं त्याची दिवसातली सगळ्यात चांगली असतात. आता मी अवघड काम मुद्दाम तिथे ठेवते. मारणं, कोंबडा करणं, वर्गाबाहेर उभं करून हसं करणं याला तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानेच मनाई आहे, शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही.

८. मूल्यमापनात जागा शोधा

यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. २०१० पासूनच्या आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकला (वर्गात रोजच्या कामातून होणाऱ्या मूल्यमापनाला) ६० आणि संकलितला (सत्राच्या शेवटच्या मूल्यमापनाला) ४० गुण धरलेले आहेत. पहिली-दुसरीला ७० आणि ३०. आकारिकच्या साधनांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प हे सगळं येतं. ज्याला उत्तर येतं पण पानभर लिहिताना वाटेत हरवतं, त्याचं तोंडी काम आणि प्रात्यक्षिक नीट घ्या. लेखी चाचणी एका बैठकीत न घेता दोन भागांत घ्या, मध्ये पाणी पिऊन येऊ द्या.

वर्णनात्मक नोंदीत 'चंचल आहे', 'लक्ष देत नाही' असं लिहू नका. तो कागद मुलाच्या पुढे-पुढे जातो. 'काम लहान तुकड्यांत दिल्यास पूर्ण करतो' असं लिहा, तेही तितकंच खरं आहे आणि पुढच्या शिक्षकाच्या कामाचं आहे.

प्रमाणपत्राबद्दल पालक विचारतीलच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव वेगळं नाही. मुलाला दोन्ही असेल तर अध्ययन अक्षमतेच्या तपासणीतून प्रमाणपत्राचा रस्ता आहे. पण वर्गातल्या मदतीसाठी प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता अजमावून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्यच सांगितलं आहे. मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर हे कलम दाखवा. सोबत गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवायची विनंती करा. ते आले तर त्यांच्यापुढे तुमची पाच दिवसांची मोजणी ठेवा. अर्ध्या तासात मिळणारा सल्ला त्यामुळे नेमका होतो.

९. दर तीन आठवड्यांनी बसा

पुन्हा पाच दिवस मोजा, आधीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा. जमलं असेल तर पुढची पायरी घ्या, पण एका वेळी एकच गोष्ट बदला: मिनिटं कमी करा किंवा मदत कमी करा, दोन्ही एकदम नको. बाकाशी जाऊन बोटाने दाखवण्याऐवजी लांबून खूण, मग नुसतं बघणं, असं करत मदत सुटत जाते. काही मदती सुटत नाहीत, वर्षभर लागतात, तेही चालतं.

जमलं नसेल तर आधी वाक्याचा पहिला अर्धा तपासा. मी ठरवलेलं खरंच रोज केलं का? स्नेहसंमेलनाच्या तयारीत एका महिन्यात माझं बाकाशी जाणं आठवड्यातून दोनदावर आलं होतं, आणि त्याची मिनिटं परत ६ वर गेली होती. त्याच्यात बदल झाला नव्हता, माझ्यात झाला होता. माझी बाजू नीट झाली असूनही जमत नसेल तर काम फार मोठं आहे, तुकडे लहान करा. तेही करून झालं असेल तर उद्दिष्ट चुकलं, ते सोडून दुसरं घ्या.

लांब सुट्टीनंतर आकडे घसरतात. गणपती, दिवाळी, उन्हाळा, दर वेळी. घाबरू नका, आठवडाभर जुन्या, सोप्या पायरीवर या.

१०. एप्रिलमध्ये एक पान लिहून ठेवा

पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना जाडजूड फाईल वाचायला वेळ नसतो. एका पानावर तीन गोष्टी पुरतात: काय लागू पडलं, काय पडलं नाही, आणि मुलाला काय आवडतं. पालकांना दाखवून त्यांच्या संमतीने ते पान द्या आणि त्यातली एक प्रत आईकडे ठेवा, कारण बदल्या होतात आणि कागद कपाटात राहतात.

त्या मुलाच्या पानावर मी लिहिलं होतं: 'एका वेळी एक सूचना. गृहपाठाची चिठ्ठी हातात द्यावी. गणित सुट्टीनंतर घ्यावं. उभं राहून चांगलं लिहितो. काम सुरू करायला दिवाळीनंतर ७ मिनिटं, मार्चमध्ये २. झाडांबद्दल त्याला विचारा.' चौथीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला मैदानातल्या करंजाबद्दल विचारलं. तो घरी जाऊन आईला म्हणाला, नव्या बाईंना माझ्याबद्दल आधीपासून माहीत आहे.